दूताचें अभय आणि पहारेकऱ्याचा कायदा

दूताला मारूं नये, हा नियम आपल्या देशांत रामायणाइतका जुना आहे. हनुमान लंकेंत पकडला गेला तेव्हां रावणानें त्याच्या वधाची आज्ञा केली. बिभीषणानें मध्यें पडून दूत अवध्य असतो याचें स्मरण करून दिलें, आणि रावणानें तें मानलें. ही कथा आमच्या शाळेंतील लहानांतलें लहान मूलहि सांगूं शकेल. परंतु तिचा पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. रावणानें दूताचा जीव घेतला नाहीं. त्याच्या शेपटीला चिंध्या गुंडाळून आग लावली. नियमाचें अक्षर पाळलें गेलें, दूताचा मान मात्र राखला गेला नाहीं. आणि त्याचें फळ साऱ्या लंकेला भोगावें लागलें. आजच्या जगांतील राजदूतांच्या संरक्षणाचे कायदे वाचूं लागलें कीं आम्हांस या शेपटीची वारंवार आठवण होते.

परक्या राज्याच्या दूताला अभय असावें, याविषयीं सुज्ञ लोकांत मतभेद नाहीं. परंतु हें अभय नुसत्या शब्दांनीं मिळत नाहीं. तें कोणा तरी शिपायाच्या हातानें द्यावें लागतें. त्या शिपायाजवळ बंदूक असते, दार अडविण्याची मुभा असते, आणि कित्येक देशांत अटक करण्याचा अधिकारहि असतो. त्यानें कोणाचें रक्षण करावें, कोठवर करावें, शस्त्र केव्हां उचलावें, आणि तो चुकला तर त्याला जाब कोणीं विचारावा, हें कोणत्या कायद्यानें ठरतें? दूताच्या अभयाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. पहारेकऱ्याच्या कायद्याविषयीं क्वचितच. आमचें मत असें आहे कीं, पहारेकरी स्वतः कायद्यानें बांधलेला असेल तरच दूताचें अभय खरें. एरवीं तें सत्ताधाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहतें.

महाड-पोलादपूरच्या मुलांनीं हा विषय परका समजण्याचें कारण नाहीं. सावित्रीच्या आपल्या खोऱ्याच्या एका अंगास रायगड आणि दुसऱ्या अंगास प्रतापगड उभा आहे, आणि या दोन्ही गडांनीं दूत आणि पहारे पुष्कळ पाहिले आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट झाली. त्या भेटींतील झुंज सर्वांस ठाऊक आहे. तिच्या आधींचीं बोलणीं फारसें कोणी आठवीत नाहीं. खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ हे वकील येऊनजाऊन होते. भेट कोठें व्हावी, बरोबर किती शिपाई असावेत, ते किती अंतरावर थांबावेत, या गोष्टी त्या बोलण्यांतून ठरल्या. म्हणजे पहारा किती आणि कोठें, याचा करार भेटीच्या आधींच झाला होता. परंतु दोघांनाहि बांधील असा कायदा त्या कराराच्या वर नव्हता. ज्याचा त्याचा शब्द आणि ज्याचें त्याचें शस्त्र, एवढाच आधार होता. पुढें काय झालें तें जगजाहीर आहे.

पंधरा वर्षांनंतरचें रायगडाचें चित्र निराळें आहे. १६७४ सालीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडाखालीं पाचाडास येऊन उतरला. महाराज त्या वेळीं प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून त्याला वाट पाहावी लागली. निराजीपंतांनीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें; मग गडावर त्याची भेट झाली; ६ जून रोजीं त्यानें राज्याभिषेकाचा दरबार पाहिला; आणि तहाचीं कलमें पुरीं करून तो सुखरूप मुंबईस परत गेला. त्यानें मागितलेलें सर्वच त्याला मिळालें असें नाहीं. दूताला अभय देणें वेगळें आणि दूताचें म्हणणें मान्य करणें वेगळें, हा विवेक त्या दरबाराजवळ होता.

उलट बाजूचेंहि उदाहरण आपल्याजवळच आहे. त्याच इंग्रजांच्या राजापूरच्या वखारींतील माणसांनीं १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरच्या बाजूनें तोफा डागल्या. व्यापाऱ्यानें लढाईंत पडणें हा व्यापार नव्हे. पुढच्याच वर्षीं महाराजांनीं राजापूरची वखार लुटली व त्या माणसांना धरून नेलें. आपल्या महाडाजवळच्या सोनगडावर त्यांना कांहीं काळ कैदेंत ठेविलें होतें. १६६३ सालीं त्यांची सुटका झाली. ते दूत नव्हते, हें खरें; तथापि ज्या कामासाठीं परक्याला आपल्या मुलखांत सुखरूप राहूं दिलें जातें तें काम सोडून तो भलतेंच करूं लागला तर त्याचें अभय उणें होतें, हें तत्त्व तेव्हांहि लोकांस ठाऊक होतें.

तिसरें उदाहरण आग्र्याचें. १६६६ सालीं मिर्झाराजे जयसिंग यांच्या शब्दावर विसंबून महाराज औरंगजेबाच्या दरबारीं गेले, आणि जयसिंगांचा मुलगा रामसिंग त्यांना जामीन राहिला. बादशहानें कोतवाल फुलादखानाचे पहारे त्यांच्या डेऱ्याभोंवतीं बसविले. विद्यार्थिमित्रांनो, या पहाऱ्याचा नीट विचार करा. पाहुण्याच्या रक्षणाचा पहारा आणि कैद्यावरचा पहारा यांत बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच भेद दिसत नाहीं. दोन्हीकडे तेच शिपाई, तेच भाले, तीच रात्रीची हांक. भेद असतो तो शिपायाला मिळालेल्या हुकुमांत. तो हुकूम कोणाला वाचावयास मिळत नसेल, आणि तो रातोरात बदलतां येत असेल, तर आज रक्षण करणारा शिपाई उद्यां तुरुंगाधिकारी होऊं शकतो. म्हणूनच हा हुकूम कायद्यानें लिहिलेला, प्रसिद्ध केलेला आणि न्यायाधीशानें तपासण्याजोगा असावा, असें आम्ही म्हणतों.

आजच्या जगानें दूताच्या बाजूचा कायदा तरी बऱ्याच अंशीं लिहून काढला आहे. १९६१ सालीं व्हिएन्ना शहरीं राष्ट्रांनीं राजदूतविषयक करार केला. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें वकिलातीच्या जागेंत यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनीं परवानगीवांचून पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि त्या जागेला कोणाचा उपद्रव होऊं नये म्हणून योग्य ते सर्व उपाय करण्याची खास जबाबदारी यजमान देशावर आहे. २९ व्या कलमाप्रमाणें दूताला अटक करतां येत नाहीं. त्याच्या देहाला, स्वातंत्र्याला आणि मानाला धक्का लागूं न देणें हेंहि यजमानाचेंच कर्तव्य. या कलमांत ‘मान’ हा शब्द देह आणि स्वातंत्र्य यांच्या जोडीला मुद्दाम बसविला आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ४१ वें कलम दूताला बजावतें कीं, तूंहि यजमान देशाचे कायदे पाळले पाहिजेस. १९६३ सालीं कॉन्सलविषयीं दुसरा करार झाला. त्यांत कॉन्सलला दिलेलें अभय राजदूताच्या अभयापेक्षां बरेंच अपुरें आहे. आपल्या संसदेनें १९७२ सालीं कायदा करून १९६१ च्या करारांतील मुख्य कलमांना भारतांत कायद्याचें बळ दिलें.

येथें एखादे पालक विचारतील कीं, मोठ्या पगाराच्या साहेबांच्या या गोष्टींशीं आमच्यासारख्यांना काय करावयाचें आहे? पुष्कळ करावयाचें आहे. आपल्या तालुक्यांतील कित्येक घरांचीं माणसें आखाती देशांत नोकरीस आहेत, आणि मुंबईस जाऊन पुढें बोटीवर चढणारीहि आहेत. परमुलखांत पासपोर्ट हरवला, पगार बुडाला, आजार आला किंवा पोलिसांनीं धरलें, तर ज्या दारावर जाऊन मराठींत नाहीं तरी हिंदींत रडगाणें सांगतां येतें तें दार आपल्या वकिलातीचें. १९६३ च्या कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणें परक्या देशांत अटक झालेल्या माणसाला आपल्या कॉन्सलला कळविण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला सांगणें हें अटक करणाराचें कर्तव्य आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणांत पाकिस्ताननें हें कर्तव्य मोडलें, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १७ जुलै २०१९ रोजीं दिला. कॉन्सलच जर भीतीखालीं वावरूं लागला, तर त्याच्या भरंवशावर परदेशीं गेलेल्या गरिबाचा वाली कोण?

ही भीति काल्पनिक नव्हे. पुण्याला गेलेल्यांनीं मुठा नदीवरील म्हात्रे पूल पाहिला असेल. तो ज्यांच्या नांवानें ओळखला जातो ते रवींद्र म्हात्रे इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं भारतातर्फें काम करणारे अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्यें त्यांना पळवून नेण्यांत आलें. तुरुंगांत असलेल्या मकबूल भटला सोडा आणि पैसे द्या, अशी मागणी झाली. आणि थोड्याच दिवसांत त्यांचा खून झालेला आढळला. त्यांचा कोणाशीं व्यक्तिगत वैरभाव नव्हता. ते आपल्या देशाचे प्रतिनिधि होते, एवढाच त्यांचा अपराध. दूताच्या देहावर पडणारा घाव त्याच्या देशावर मारलेला असतो, आणि म्हणूनच त्या देहाचें रक्षण ही खाजगी बाब राहत नाहीं.

त्याच देशांत, त्याच वर्षीं, अवघ्या दोन महिन्यांनीं याच्या अगदीं उलट प्रकार घडला. १७ एप्रिल १९८४ रोजीं लंडनमधील लिबियाच्या वकिलातीसमोर निदर्शनें चालू होतीं. बंदोबस्तावर असलेल्या इव्हॉन फ्लेचर या तरुण पोलीस बाईवर वकिलातीच्या आंतून गोळी सुटली आणि ती मरण पावली. जिचें काम वकिलातीसमोर शांतता राखण्याचें, तीच वकिलातींतून आलेल्या गोळीनें पडली! तरीहि ब्रिटिश पोलीस आंत शिरले नाहींत. वेढा घालून ते थांबले. सरकारनें लिबियाशीं संबंध तोडले आणि आंतील माणसांना देशाबाहेर घालविलें. हें ऐकून कोणाचेंहि रक्त उसळेल, आणि ‘असा कायदा काय कामाचा’ असें तोंडून निघून जाईल. परंतु थोडें थांबून पाहावें. त्या दिवशीं दार फोडलें असतें तर उद्यां जगांतील कोणत्याहि शहरांत जमाव जमवून ‘आमचाहि राग न्याय्य आहे’ असें म्हणत वकिलातींचीं दारें फोडतां आलीं असतीं. तेहरानमध्यें ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तसें झालेंच होतें. तेथें अमेरिकन वकिलातींतील माणसें ४४४ दिवस ओलीस राहिलीं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २४ मे १९८० च्या निर्णयांत सांगितलें कीं, दूतांनीं अधिकाराचा दुरुपयोग केला असेल तर त्यांना परत पाठविण्याचा किंवा संबंध तोडण्याचा उपाय कायद्यांतच आहे. दंडेलीचा मार्ग मोकळा नाहीं. इंग्लंडनें नेमका तोच उपाय केला. कायदा पाळणें सोपें असतें तेव्हां सारेच पाळतात. रक्त उसळलें असतां जो पाळतो त्याचीच परीक्षा होते.

आतां पहारेकऱ्याकडे वळूं. दूतांच्या रक्षणासाठींच कायद्यानें उभारलेल्या दलाचें मोठें उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याची डिप्लोमॅटिक सिक्युरिटी सर्व्हिस. तिचें बीज १९१६ सालीं एका लहानशा शाखेच्या रूपानें पेरलें गेलें. १९८३ व १९८४ सालीं बैरूट येथील अमेरिकन वकिलातीवर भयंकर स्फोट झाले, त्यांत पुष्कळ माणसें दगावलीं. तेव्हां ॲडमिरल इनमन यांच्या समितीनें सर्व व्यवस्था तपासली आणि ऑगस्ट १९८६ मध्यें या सेवेला पक्का पाया देणारा कायदा झाला. हे रक्षक परदेशांतील आपल्या वकिलाती सांभाळतात, आणि अमेरिकेंत येणाऱ्या परक्या मंत्र्यांचें व अन्य मान्यवरांचें रक्षणहि करतात. परराष्ट्रांच्या राष्ट्रप्रमुखांचें रक्षण मात्र दुसऱ्या दलाकडे, सीक्रेट सर्व्हिसकडे आहे.

या रक्षकांना बंदूक बाळगण्याचा व अटक करण्याचा अधिकार कायद्यानें दिला आहे. परंतु तो मोकाट सोडलेला नाहीं. आपल्यासमोर गुन्हा घडत असेल, किंवा एखाद्यानें गंभीर गुन्हा केला आहे असें मानण्यास सबळ कारण असेल, तरच वॉरंटावांचून अटक. बंदुकीचे नियम परराष्ट्रमंत्र्यानें करावयाचे, पण त्यांना देशाच्या ॲटर्नी जनरलची संमति पाहिजे. म्हणजे ज्याच्या हाताखालीं शिपाई आहे तो एकटाच शिपायाच्या शस्त्राचा मालक नाहीं. शिवाय परदेशीं वकिलातींत मोठी हानि झाल्यास चौकशी-मंडळ नेमण्याची तरतूद १९८६ च्या कायद्यानें केली. ११ सप्टेंबर २०१२ रोजीं लिबियांतील बेनगाझी येथें अमेरिकन राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स व त्यांचे तीन सहकारी मारले गेले, तेव्हां अशाच मंडळानें त्याच वर्षीं अहवाल देऊन संरक्षणाची व्यवस्था अत्यंत अपुरी होती असें आपल्याच खात्याला स्पष्ट सुनावलें. आपल्या चुकीची चौकशी आपल्याच कायद्यानें करावयास लावणारें राष्ट्र दुबळें ठरत नाहीं. तें शहाणें ठरतें.

एवढें असूनहि या व्यवस्थेंत एक कच्चा दुवा आहे, आणि तो एका महाराष्ट्रीय बाईंच्या प्रकरणांत उघडा पडला. याच सेवेकडे दूतांच्या रक्षणाबरोबर पासपोर्ट व व्हिसा यांतील लबाडीचा तपासहि सोंपविलेला आहे. १२ डिसेंबर २०१३ रोजीं न्यूयॉर्क येथील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना या सेवेच्या अधिकाऱ्यांनीं अटक केली. घरकामासाठीं भारतांतून नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या अर्जांत खोटें वेतन लिहिलें, असा आरोप होता. तो खोब्रागडे यांनीं नाकारला. नंतर मार्शलांच्या ताब्यांत असतां त्यांची कपडे उतरवून झडती घेण्यांत आली, आणि अडीच लक्ष डॉलरांच्या जामिनावर त्या सुटल्या. कॉन्सलचें अभय केवळ सरकारी कामापुरतें आहे, आणि गंभीर गुन्ह्यासाठीं न्यायाधीशाच्या आज्ञेनें त्यांना अटक करतां येते, हा अमेरिकेचा युक्तिवाद. भारतानें त्यांची नेमणूक राष्ट्रसंघांतील आपल्या कचेरींत केली, आणि तेथें त्यांना पूर्ण अभय मिळालें. ९ जानेवारी २०१४ रोजीं त्यांच्यावर रीतसर आरोप ठेवण्यांत आला व त्या मायदेशीं परतल्या. १२ मार्च २०१४ रोजीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें तो आरोप, त्या दिवशीं त्यांना अभय होतें या कारणास्तव, रद्द केला. दोनच दिवसांनीं सरकारपक्षानें तो नव्यानें दाखल केला.

या प्रकरणीं आपल्याकडे दोन तट पडले. एक म्हणे, आमच्या प्रतिनिधीचा अपमान झाला. दुसरा म्हणे, मोलकरणीच्या वेतनाचें काय? आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि एकाचें खरें म्हणून दुसऱ्याचें खोटें ठरत नाहीं. आपल्या खेड्यांतील किती तरी बायका मुंबईस परक्यांच्या घरीं धुणीं-भांडीं करून मुलांना शिकवितात. कामाचा ठरलेला पैसा हातीं न पडणें म्हणजे काय, हें त्यांच्या मुलांना सांगावयास नको. दूताच्या घरांतील नोकराला न्यायाचें दारच नसावें, असें अभयाचा कोणताहि कायदा म्हणत नाहीं. १९६१ च्या कराराचें ३१ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, यजमान देशाच्या न्यायालयापासून दूताला मोकळीक असली तरी स्वदेशाच्या न्यायालयापासून ती नाहीं. तें दार आपण खरोखर उघडें ठेविलें असतें, तर परक्याला तें उघडण्याची सबब मिळाली नसती. त्याचबरोबर हेंहि तितकेंच खरें कीं, पळून जाण्याची भीति नसलेल्या, हुद्द्यानें व पत्त्यानें सर्वांस ठाऊक असलेल्या प्रतिनिधीची अंगझडती घेऊन न्यायाचें कोणतेंच काम साधलें नाहीं. कायद्याचें अक्षर कदाचित् जागेवर राहिलें असेल. शेपटीला आग लागली ती लागलीच.

यांतून आम्ही पहिला बोध असा घेतों कीं, एकाच हातांत ढाल आणि बेडी दोन्ही देऊं नयेत. ज्या दलानें दूतांचें रक्षण करावयाचें त्याच दलानें दूतांवर गुन्ह्यांचा तपास करून अटक करावी, हें ठीक नव्हे. रक्षकाला आपल्या धन्याच्या दारांत मोकळेपणानें उभें राहतां आलें पाहिजे. धन्यालाहि त्याच्यासमोर मोकळेपणानें वागतां आलें पाहिजे. तो उद्यांचा साक्षीदार आणि परवांचा फौजदार असेल तर दोघांतला विश्वास टिकणार नाहीं. तपास जरूर व्हावा, पण तो निराळ्या हातानें.

दुसरा बोध आपल्या स्वतःच्या वागणुकीवरून. या अटकेच्या रागांत १७ डिसेंबर २०१३ रोजीं दिल्लींत अमेरिकन वकिलातीबाहेरचे संरक्षक अडथळे उचलण्यांत आले. त्या वेळीं पुष्कळांनीं टाळ्या वाजविल्या. ओळखपत्रें परत घेणें, सवलती कमी करणें, जशास तसें वागणें, याला १९७२ च्या आपल्या कायद्यांतहि जागा आहे. सवलत ही देण्याघेण्याची गोष्ट आहे. परंतु दाराबाहेरचा बंदोबस्त ही सवलत नव्हे; तें यजमानाचें कर्तव्य आहे. घरीं आलेल्या पाहुण्याशीं भांडण झालें तर त्याला दुसरा चहा देऊं नये. परंतु त्याच्या खोलीच्या दाराची कडी काढून ठेवूं नये. दूताच्या जिवाचा बंदोबस्त रागालोभाच्या तराजूंत कधींहि घालूं नये, आणि तसें स्पष्ट शब्दांत कायद्यांतच लिहून ठेवावें, असें आमचें मत आहे.

तिसरा बोध आपल्या पहारेकऱ्यांविषयीं. आपल्याकडे हें काम निरनिराळ्या दलांत वांटलेलें आहे. राजधानींतील वकिलातींबाहेर दिल्ली पोलीस उभे असतात; काबूलसारख्या धोक्याच्या ठिकाणीं आपल्या वकिलातीचें रक्षण इंडो-तिबेट सीमा पोलिसांनीं केलें. या दलाची स्थापना १९६२ ची, आणि त्याचा आजचा कायदा १९९२ चा. नांवाप्रमाणेंच तो मुख्यतः हिमालयाच्या सीमेसाठीं लिहिलेला. ७ जुलै २००८ रोजीं काबूलच्या वकिलातीच्या फाटकाशीं स्फोटकांनीं भरलेली गाडी येऊन आदळली. पन्नासाहून अधिक माणसें मेलीं; त्यांत भारताचे एक ब्रिगेडियर, परराष्ट्र सेवेंतील एक अधिकारी आणि या दलाचे दोन जवान होते. २३ मे २०१४ रोजीं हेरात येथील आपल्या कचेरीवर हल्ला झाला तेव्हां याच दलाच्या जवानांनीं तो परतवून लावला. बर्फाच्या सीमेसाठीं तयार झालेला हा शिपाई परक्या शहराच्या फाटकावर उभा राहतो तेव्हां त्यानें कोणाच्या हुकुमानें गोळी झाडावी, त्याच्या हातून परका नागरिक दुखावला तर काय, तो पडला तर त्याच्या घरच्यांचें काय, आणि वरच्यांच्या हयगयीनें तो पडला असेल तर त्याची उघड चौकशी कोणीं करावी, हें सर्व एका ठिकाणीं, वाचणाराला समजेल अशा भाषेंत लिहिलेलें असावें. जो आपल्या दूतासाठीं मरावयास तयार आहे त्याला आपल्या कर्तव्याची सीमा अंधारांत चाचपावयास लावूं नये.

कोणी म्हणेल, इतके कायदे करून काय होणार? मारणारा मारतोच. या शंकेचें उत्तर महाडकरांनीं तरी बाहेर शोधावयास नको. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई इलाख्यांतील सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळ्यापुरतें तसें ठरविलेंहि. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या तळ्याचें पाणी प्याल्यावर निःशस्त्र लोकांना गांवांत मार खावा लागला. ठराव होता, तळें होतें. हक्क घेऊन येणाऱ्या माणसाला निर्भयपणें काठापर्यंत नेऊन आणणारा पहारा मात्र नव्हता. पुढें दहा वर्षांनीं, १९३७ त, उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. रक्षकावांचून कायदा हा कोरडा कागद, आणि कायद्यावांचून रक्षक हा नुसता दंडुका, हे दोन्ही धडे आपल्या खोऱ्यानें गिरविलेले आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीं व करारांविषयीं आदर वाढवावा, असें आपल्या राज्यघटनेचें ५१ वें कलम राज्याला सांगतें. आणि त्या घटनेच्या मसुदासमितीचे अध्यक्ष तेच डॉ. आंबेडकर होते.

विद्यार्थिमित्रांनो, गुरुजी वर्गाबाहेर गेले असतां तुमच्यांतलाच एक वर्गनायक म्हणून उभा राहतो. शांतता राखावी, दंगा करणाराचें नांव फळ्यावर लिहावें, एवढाच त्याचा अधिकार. मित्राचें नांव गाळलें, किंवा ज्याच्याशीं कालचें भांडण आहे त्याचें नांव उगाच लिहिलें, तर साऱ्या वर्गाला तो अन्याय क्षणांत कळतो. राष्ट्राराष्ट्रांतील पहाऱ्याचें गणित याहून फारसें निराळें नाहीं. तुमच्यापैकीं कोणी उद्यां परराष्ट्र सेवेंत जाईल, कोणी सीमा पोलिसांत भरती होईल, कोणी परक्या मुलखांत मोलमजुरी करील. पहिल्यानें आपलें अभय म्हणजे वाटेल तसें वागण्याचा परवाना नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. दुसऱ्यानें आपल्या हातांतील बंदुकीवर कायद्याची मालकी आहे, हें विसरूं नये. आणि तिसऱ्यानें आपला हक्क कोणत्या कलमांत लिहिला आहे तें वाचून ठेवावें, म्हणजे अडचणीच्या वेळीं तो मागतां येईल. इतकेंच आमचें सांगणें आहे.